घरच्या जुन्या कॅसेटी: कापायच्या की जशाच्या तशा ठेवायच्या?

तलावपाळी

मंडळी, घरात भांडण पेटलंय आणि पंच म्हणून तुम्हाला बोलावतेय.

नौपाड्यातली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय. माळा रिकामा करताना बाबांच्या सगळ्या कॅसेटी खाली उतरल्या. हाय-एटच्या छोट्या, व्हीएचएसच्या मोठ्या, आणि एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आजोबांच्या काळातली फिल्मची रिळं. कॅमेरा घरात आला तो मस्कतच्या काकांमुळे. त्यानंतर नव्वदच्या दशकातला आमचा रविवार बाबांच्या तावडीतून सुटणं कठीण होतं. गणेशपुरी-वज्रेश्वरी, टिटवाळा, कर्नाळा, घारापुरी, येऊर, राणीची बाग. कुठेच जायचं नसेल तर तलावपाळीवर भेळ आणि बोटिंग, तेही शूट करायचंच.

बाबांना शूटिंग येत नव्हतं, हे स्पष्टच सांगते. भिंतीला चुना मारल्यासारखा कॅमेरा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. ज्याचा चेहरा बघायचाय तो दिसायच्या आत कॅमेरा पुढे. झूमचं बटण सापडलं तेव्हा तर विचारू नका. वज्रेश्वरीला देवळाच्या कळसाकडे झूम करत जातात आणि शेजारच्या विजेच्या खांबावर जाऊन थांबतात. मागून आईचा आवाज, "अहो, खांब काय घेताय!" बाबा, "थांब गं, येतोय कळस." कळस येत नाही.

दादाचं म्हणणं असं, की यातलं निवडक काढून वीस-पंचवीस मिनिटांची एक छान फिल्म करावी, मागे बासरी टाकावी, आईच्या पंच्याहत्तरीला हॉलमध्ये पडद्यावर दाखवावी आणि बाकीचं टाकून द्यावं. "तासन्‌तास कोण बघणारे?" हा त्याचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही, हे मलाही कळतं.

माझं घोडं अडलंय ते कर्नाळ्याच्या कॅसेटवर. पनवेलपर्यंत एसटीने गेलो होतो, तिथून पुढे दुसरी गाडी. सुरुवातीला नेहमीचंच: किल्ल्याचा सुळका, आम्ही पोरं ओळीत उभी, आजी वर्तमानपत्रावर बसून थर्मास उघडतेय. मग बाबांनी कॅमेरा बंद न करताच पिशवीत टाकला. पुढे किती तरी वेळ पडद्यावर फक्त काळं. रेक्झिनची घासघूस. आणि त्यावर आई आणि आत्याचं बोलणं.

आत्या: "मी सांगत होते, डबे उभे ठेव म्हणून. बघ आता, भाजीचं तेल सगळं टॉवेलला."
आई: "तुम्हीच तर म्हणालात, टॉवेलमध्ये गुंडाळ."
आत्या: "डबा गुंडाळ म्हटलं होतं. आडवा गुंडाळ म्हटलं होतं का?"
मग दोघी हसत सुटतात. त्यानंतर आत्या हळू आवाजात तिच्या सासरचं काही तरी सांगायला लागते, आई "हं… हं…" करतेय. मध्येच कोणी तरी पोर येऊन "पाणी" म्हणतं आणि विषय तुटतो.

आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. ती कॅमेऱ्यासमोर आली की पदर तोंडाला लावून बाजूला व्हायची. तिचा एवढा मोकळा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. आणि दादाच्या यादीत हा तुकडा आहे: "ब्लॅक, कट."

तर सांगा, काय करू? आणि हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायची नीट पद्धत कोणती? एका दुकानात चौकशी केली, तर तो म्हणाला, "ताई, काळं-बिळं आम्हीच काढून देतो, एक्स्ट्रा चार्ज नाही."

---

उगाच_एक

त्या दुकानात परत जाऊ नका. आणि बासरी टाकली तर मी हा धागा सोडून जाईन.

---

सेक्टर_सतरा

मी थोडा दादांच्या बाजूने. रागावू नका.

आमच्याकडे वाशीला मागच्या दिवाळीत सगळे जमले होते. मी मोठ्या उत्साहाने जुनी कॅसेट जशीच्या तशी लावली. पहिली पाच मिनिटं धमाल, "अगं हा बघ पिंट्या, काय ते बेलबॉटम." दहाव्या मिनिटाला दोन भाचे मोबाइलमध्ये. पंधराव्या मिनिटाला मेहुणे चहा टाकायला स्वतःहून उठले. मेहुणे! त्यांना गॅस कुठल्या बाजूने पेटवायचा हे माहीत नव्हतं.

हॉलमध्ये पन्नास माणसांना दाखवायची फिल्म वेगळी आणि घरात ठेवायची वेगळी. दादा हॉलचा विचार करतायत, तुम्ही घराचा.

---

रीळमास्तर

सेक्टर_सतरा यांच्याशी सहमत. कॅसेट उतरवून घेणं हे एक काम, एडिटिंग हे दुसरं. आधी सगळं, काळ्यासकट, निळ्या पडद्यासकट, मुंग्यांसकट उतरवून घ्या. ती फाइल मूळ समजून बाजूला ठेवा आणि तिला कात्री लावू नका. तिची नक्कल करा आणि दादांच्या हवाली करा. त्यांनी बासरी टाकावी, नाही तर तुतारी टाकावी.

जागेची काळजी करू नका. डीव्ही (डिजिटल व्हिडिओ) स्वरूपात घेतलं तर तासाला साधारण १३ जीबी लागतात. म्हणजे एका टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये सत्तरेक तास सहज मावतात. कापून जागा वाचवायचे दिवस गेले. मात्र नक्कल एकाच डिस्कवर ठेवू नका. दोन डिस्क घ्या आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी राहू द्या. सीडी-डीव्हीडीवर विसंबू नका, घरी बर्न केलेल्या डिस्क पाच-दहा वर्षांतही दगा देतात.

आता पद्धत. हाय-एटच्या कॅसेटींसाठी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे डिजिटल-एटचा हँडीकॅम, तशाच छोट्या कॅसेटीवर डिजिटल रेकॉर्डिंग करणारा. हे कॅमेरे १९९९ मध्ये आले. त्यांतली बरीच मॉडेलं जुन्या व्हिडिओ-एट आणि हाय-एट कॅसेटी वाजवतात आणि फायरवायर नावाच्या केबलमधून कॉम्प्युटरला थेट डिजिटल सिग्नल देतात. "बरीच" म्हटलंय, "सगळी" नाही, त्यामुळे घेण्याआधी वाजवून बघा. फायरवायरचं पोर्ट असलेला जुना कॉम्प्युटर लागेल.

व्हीएचएससाठी चालू व्हीसीआर हवा, आणि तो मिळणंच अवघड. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा बनलेला नाही. म्हणजे जे काही आहे ते जुनं. आतले रबरी पट्टे सैल झालेले असतात, काही वेळा अक्षरशः डांबर होतात. चालू स्थितीतला मिळाला तर आधी बिनकामाची कॅसेट लावा. त्याने ती चावली तर तुमची वाचली.

आणखी दोन गोष्टी. व्हीएचएस कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची छोटी पट्टी असते, ती मोडून टाका. म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. त्या भोकावर कोणी सेलोटेप चिकटवली असेल तर ती काढा. आपल्याकडे कोरी कॅसेट महाग, म्हणून घरोघरी हा सेलोटेपचा उद्योग चालायचा, आणि त्यापायी किती बारशी क्रिकेटच्या मॅचखाली गाडली गेली, देव जाणे.

दुसरं, कॅसेटच्या काचेच्या खिडकीतून टॉर्चने बघा. टेपच्या कडेला पांढरट ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. ठाण्यातल्या पावसाळ्यात माळ्यावर दुसरं काय होणार! अशी कॅसेट चांगल्या मशीनमध्ये घालू नका, ती बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या कॅसेटला लागते.

---

माईंची_लेक

तलावपाळी, तो आत्यांचा संवाद वाचून मी ऑफिसात एकटीच हसले. "आडवा गुंडाळ म्हटलं होतं का!"

आमच्याकडे उलटा प्रकार. वडिलांच्या मामांनी सुपर-एट फिल्मवर काढलेली रिळं आहेत, आवाज अजिबात नाही. आम्ही ती स्कॅन करून आणली आणि माईला दाखवायला बसलो. शेजारी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करून ठेवलं होतं. माई पहिल्यांदा चष्मा शोधण्यात वेळ घालवते, मग म्हणते, "हे कोण गं? हा गोपाळ. नाही नाही, गोपाळ इतका उंच कुठे होता. हा त्याचा साडू." आणि सुरू. त्या साडूचं दुकान, ते दुकान कोणी बुडवलं, त्यात कुणाच्या बांगड्या गेल्या. पडद्यावर तो माणूस फक्त रिकामी बादली घेऊन चालत जातो, एवढंच!

नंतर तो आवाज आणि ते चित्र एकत्र जोडलं. आता घरात कोणी ती फिल्म मुकी बघतच नाही.

तुमच्या आईंना काळा तुकडा ऐकवलात का? आत्या सासरचं काय सांगत होत्या, ते त्यांनाच आठवत असेल.

---

तलावपाळी

माईंची_लेक, नाही ऐकवलं अजून. धीर होत नाहीये, खरं तर. बघते.

रीळमास्तर, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पट्ट्या मोडल्या. एका कॅसेटीवर सेलोटेप होती आणि लेबलवर बाबांच्या अक्षरात "घारापुरी" खोडून खाली "सिरीयल" लिहिलंय. कुठली सिरीयल, ते विचारायला आता बाबा नाहीत.

डब्यातल्या रिळांबद्दल विचारायचं राहिलं. डबा उघडला की आंबूस वास येतो, लोणच्यातल्या व्हिनेगरचा येतो ना, तसा. ओळखीतल्या एका काकांकडे जुना प्रोजेक्टर आहे, ते लावून दाखवतो म्हणतायत. लावू का?

---

रीळमास्तर

नका लावू! हात जोडतो.

तो वास म्हणजे फिल्मचा पाया सडतोय. जुनी फिल्म असिटेटची. उष्णता आणि दमटपणा मिळाला की त्यातून असेटिक आम्ल सुटतं, आणि सुटलेलं आम्लच पुढची सड वाढवतं. म्हणून डबा बंद ठेवणं सगळ्यात वाईट. रिळं हवेशीर ठेवा. ज्यांना वास येतोय ती बिनवासाच्या रिळांपासून वेगळी करा. अशी फिल्म आकसते आणि तिची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत. दाते ती फाडतात. मध्येच अडकली तर दिव्याच्या उष्णतेने तेवढी फ्रेम जळते. काकांना चहा पाजा आणि प्रोजेक्टर फडक्याने झाकून ठेवायला सांगा.

फिल्म एकेक फ्रेम करून स्कॅन करणाऱ्याकडे द्यायची. देण्याआधी एवढं बघा: रिळाच्या मधलं भोक मोठं असेल तर ते सुपर-एट, म्हणजे १९६५ नंतरचं. छोटं असेल तर बहुतेक रेग्युलर-एट, ते १९३२ पासून होतं. रेग्युलर-एटची गंमत अशी, की ती मुळात १६ मिलिमीटर रुंद फिल्म. एका बाजूने चालवायची, मग रीळ काढून उलटं लावायचं आणि दुसऱ्या बाजूने चालवायचं. धुतल्यावर मधोमध उभी चिरून जोडायची. उलटवायला चुकलं तर एकाच फिल्मवर दोनदा चित्र. गणपतीच्या मिरवणुकीतून आगगाडी जातेय असलं काही दिसलं तर घाबरू नका.

रंग टिकलेले असतील तर फिल्म कोडॅक्रोम असण्याची शक्यता. ती अंधारात ठेवली तर अर्धशतकानंतरही लाल लालच राहतो. बाकीच्या बऱ्याच फिल्मा गुलाबी पडतात. स्कॅननंतर थोडे रंग परत आणता येतात, पण थोडेच.

आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल एक. सुपर-एटचं एक काडतूस, म्हणजे कॅमेऱ्यात घालायची फिल्मची बंद डबी, ५० फुटांचं. सेकंदाला १८ फ्रेमने चालवलं तर ३ मिनिटं २० सेकंदांत संपायचं. वर धुलाईचा खर्च. त्यामुळे आजोबांच्या पिढीने जे घेतलं ते मोजूनमापून: सगळे उभे राहा, हसा, हात हलवा, बस्स. त्यात फालतू काही सापडत नाही, आणि त्यामुळे घरही सापडत नाही. कॅसेट आली तेव्हा माणूस उधळा झाला. तुमच्या बाबांनी कॅमेरा चालू ठेवून पिशवीत टाकला, आजोबांना तसं परवडलंच नसतं. त्या उधळेपणातच तुमच्या आत्या बोलतायत. मी तुमच्या जागी असतो तर दादांना एवढंच सांगितलं असतं.

---

चहाबाज

वाचतोय. धागा मस्त चाललाय.

अवांतर: आपल्याकडच्या घरगुती शूटिंगचे मूळपुरुष फाळकेच म्हणायला हवेत. राजा हरिश्चंद्राच्या आधी त्यांनी घरात कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवताना थोडं थोडं करून टिपलं आणि ती छोटी फिल्म दाखवून भांडवल उभं केलं. आमच्या तीर्थरूपांनी गॅलरीतली तुळस शूट केली होती. भांडवल उभं राहिलं नाही, आईने तुळशीला पाणी घालायची आठवण तेवढी केली.

---

स्पष्टवक्ती_नेरुळ

सगळे इतके हळवे झालेत, की थोडं पाणी ओतावंसं वाटतंय.

एक, सगळं जपायचं कशाला? आपल्या मोबाइलमध्ये आत्ता हजारो क्लिपा आहेत. आपण मेल्यावर पोरं त्या बघणार आहेत का? जपण्याचंही ओझं होतं, ते पुढच्या पिढीच्या डोक्यावर ठेवताना त्यांना विचारलंय का कोणी?

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. घरच्या कॅसेटीत काय काय असतं, याचा विचार करा. पोरांच्या आंघोळी. चुलत बहिणीचं पहिलं लग्न, जे तिच्या आताच्या सासरी कोणी बोलत नाही. काकांचा पिऊन घातलेला गोंधळ. आमच्या एका नातेवाइकाने सगळं सरसकट फॅमिली ग्रुपवर टाकलं आणि पुढे दोन घरांत बोलणं बंद आहे. आत्या सासरचं "हळू आवाजात" सांगत होत्या, असं तुम्हीच लिहिलंय. हळू आवाजात का, याचाही विचार करा. त्यांना कॅमेरा चालू आहे हे माहीत नव्हतं.

---

माईंची_लेक

दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. पहिल्याला नाही. मोबाइलमधल्या हजार क्लिपा आणि त्या घरातली एकमेव पिशवीभर कॅसेट, दोन्ही एका मापाने कशा मोजणार?

---

स्पष्टवक्ती_नेरुळ

माप तेच आहे: कोणी बघणार का. बाकी सगळं आपल्या मनाचं समाधान. समाधान वाईट असतं असं मी म्हणत नाहीये.

---

सेक्टर_सतरा

स्पष्टवक्ती, तुमचा दुसरा मुद्दा वाचून मी आत्ताच उठून एक फोल्डर वेगळं केलं. यूट्यूबवर "अनलिस्टेड" ठेवलं की कोणाला दिसत नाही, असा आमच्या घरात समज होता. लिंक ज्याला मिळेल त्याला ते दिसतं, हे भाच्याने सांगितलं. मोबाइलमधून डोकं वर काढून सांगितलं, हे विशेष.

---

खाडीपलीकडे

इतके दिवस नुसता वाचत होतो. एक वेगळा मुद्दा मांडतो: तारखा.

कॅमेऱ्यातली बटणाएवढी बॅटरी गेली, की कोपऱ्यातली तारीख १ जानेवारीवर जाऊन बसते. आमच्या अर्ध्या कॅसेटींत गणपती, होळी आणि आंब्याचा रस, सगळं १ जानेवारीलाच. मग चित्रातल्या खुणांवरून साल शोधायचं, हा आमचा रविवारचा उद्योग झाला. ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी काही खुणा देतो, कामाला येतील.

वाशीला लोकल मे १९९२ मध्ये आली. खाडीवर रेल्वेपूल दिसला तर त्याच सुमाराचं किंवा नंतरचं. रस्त्याचा जुना पूल १९७३ चा आणि शेजारचा नवा १९९७ चा, त्यामुळे गाडीतून घेतलेल्या शूटिंगमध्ये शेजारी दुसरा पूल आहे की नाही, ते नीट बघा. ठाण्याहून तुर्भे-वाशीकडे गाड्या सुरू झाल्या २००४ मध्ये. तुमच्या कॅसेटीत आत्याकडे ऐरोलीला जाताना सगळे एसटी नाही तर रिक्षात कोंबलेले असतील तर त्याआधीचं धरायला हरकत नाही. गडकरी रंगायतनची इमारत १९७८ ची. तलावपाळीच्या रिळात ती नसेल, तर ते आजोबांच्या काळातलं.

गाडीची पाटी एमएच-०४ असेल तर नव्वदच्या आसपासचं किंवा पुढचं. दुकानाच्या पाटीवर बॉम्बे आहे का मुंबई, तेही बघा, नाव १९९५ मध्ये बदललं. पण जुन्या पाट्या कोणी लगेच बदलत नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त नको.

सगळ्यात बिनचूक खूण आमच्याकडे सापडली. पडद्यावर आजी चमच्याने पितळी गणपतीच्या सोंडेला दूध लावतेय, आजूबाजूला बिल्डिंगमधल्या बायका, कोणी तरी ओरडतंय, "प्यायला, प्यायला!" मागे आजोबा शांतपणे म्हणतात, "अगं, पृष्ठताण असतो तो." कोपऱ्यात तारीख अर्थातच १ जानेवारी. पण सबंध देशाला माहीत आहे तो दिवस कोणता: २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. त्या एका चमच्यावरून आख्ख्या कॅसेटीचा क्रम लागला. त्याच्या आधी राणीची बाग, नंतर कोजागिरी.

---

उगाच_एक

गणपतीने दूध प्यायलं याचा इतिहासाला झालेला एकमेव उपयोग.

---

खाडीपलीकडे

:) आजीला सांगू नका.

आणखी एक. ज्या तुकड्यात "काहीच नाही" असं वाटतं त्यातच या खुणा सापडतात. चेहऱ्यावरून साल कळत नाही. ते कळतं मागच्या पाटीवरून, खिडकीबाहेरच्या मोकळ्या जमिनीवरून, टीव्हीवर चाललेल्या कार्यक्रमावरून. घोडबंदर रोडला दोन्ही बाजूंना फक्त झाडी, असा गाडीच्या खिडकीतून घेतलेला लांबच लांब तुकडा आमच्याकडे आहे. माणूस एकही नाही. भावाने तो "कंटाळवाणा" म्हणून बाजूला काढला होता. आता तोच सगळ्यांना दाखवत फिरतो, कारण त्याचा फ्लॅट तिथेच आहे.

---

तलावपाळी

उशिरा लिहितेय, घर हलवायच्या गडबडीत होते. सध्या भाड्याने पाचपाखाडीत.

खाडीपलीकडे, तुमच्या खुणा घेऊन कर्नाळ्याची कॅसेट परत बघितली. जाताना बाबांनी एसटीच्या खिडकीतून वाशीचा पूल घेतलाय. शेजारी दुसऱ्या पुलाचे खांब उभे आहेत, वर रस्ता नाही. म्हणजे नवा पूल व्हायच्या आधीचं एखादं वर्ष. दादाची मुंज आधी की ही सहल आधी, यावर घरात जी वर्षानुवर्षं वादावादी चालू होती ती मिटली. मुंज आधी. दादा हरला.

स्पष्टवक्ती, तुमचं बोलणं आधी टोचलं, पण बरोबर होतं. आईला एकटीला ऐकवलं. हेडफोन लावून, मी शेजारच्या खोलीत. ती बाहेर आली आणि म्हणाली, "चहा टाक." मी टाकला. मग म्हणाली, "त्या सगळ्यांत आता कोणी राहिलं नाही ज्याला वाईट वाटेल. पण तिच्या मुलीला विचारल्याशिवाय कोणाला ऐकवू नकोस." आत्तेबहिणीला फोन केला. ती म्हणाली, डब्यापर्यंतचं सगळ्यांना ऐकव, पुढचं फक्त मला पाठव. तसं केलं. पुढचं काय आहे ते मी इथे लिहिणार नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

दादाशी तह झालाय. पंच्याहत्तरीची फिल्म त्याची. मूळ सगळं माझ्याकडे, एक डिस्क त्याच्याकडे पुण्याला. फिल्मच्या शेवटी काळा पडदा आणि डब्याचा संवाद, एवढं मी घालायला लावलंय. बासरी वाजणार आहे. उगाच_एक, माफ करा.

विजेचा खांबही राहणार. तो दादानेच स्वतःहून ठेवला.

आता मदत हवी आहे. व्हीएचएसचं काम एका ओळखीच्या घरी उरकलं, पण हाय-एटच्या कॅसेटी अजून अर्ध्याहून जास्त बाकी आहेत. ज्यांच्या कॅमेऱ्यावर आत्तापर्यंत बघत होते त्याचं झाकण आता कॅसेट आत घेऊन उघडतच नाही. ठाणे ते पनवेलमध्ये कोणाकडे चालू डिजिटल-एट आहे का? मी येऊन तिथेच बसेन, कॅमेरा घरी न्यायला मागणार नाही.

---

रीळमास्तर

अडकलेली कॅसेट ओढून काढू नका. बॅटरी आणि अडॅप्टर काढून थोड्या वेळाने परत जोडा, बऱ्याचदा आपोआप बाहेर येते. नाही आली तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या आणि "आधी कॅसेट वाचवा, कॅमेऱ्याचं नंतर बघू" असं स्पष्ट सांगा. नाही तर ते उलट करतात.

---

सेक्टर_सतरा

माझ्या बहिणीकडे सानपाड्याला आहे. बॅटरी मेलीये, पण अडॅप्टरवर व्यवस्थित चालतो, मी मागच्या महिन्यातच आमच्या कॅसेटी केल्या. फायरवायरवाला जुना लॅपटॉपही तिथेच आहे, बारा भानगडी करून कसाबसा जिवंत ठेवलाय. शनिवारी दुपारनंतर या. व्यक्तिगत निरोप पाठवलाय.

---

रीळमास्तर

अडॅप्टर त्याच कॅमेऱ्याचा मूळचा आहे ना? दुसरा लावू नका. हेड साफ करायचा असेल तर कापसाचा बोळा अजिबात वापरू नका, त्याचे धागे अडकतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला शामीचा (मऊ चामड्याचा) तुकडा हेडच्या ड्रमला आडवा धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेड तुटतो. कॅसेटी वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे घ्या, वर्षानुवर्षं एकाच जागी पडून घट्ट झालेल्या असतात.

---

तलावपाळी

सेक्टर_सतरा, शनिवारी येते. आईलाही यायचंय, चालेल ना? ती म्हणतेय, डबा घेऊन येईन, उभा.

---

सेक्टर_सतरा

चालेल काय, आणाच. बहिणीचा तिसरा मजला आहे, लिफ्ट बंद आहे तेवढं आईंना सांगा. आणि निघण्याआधी फोन करा, शनिवारी त्या बाजूला पार्किंगची बोंब असते.